गुटगुटीत

श्रावण लागला की आमच्या संगमनेर-अकोल्याकडची माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, धरणाची विचारतात. ‘भंडारदरा काय म्हणतंय?’ हा प्रश्न सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, इतकंच काय, दशक्रियेच्या घाटावरही दबक्या आवाजात विचारला जातो आणि उत्तर टक्क्यांत येतं. ८२. ९१. आकडा चढेल तशी सांगणाऱ्याची मान ताठ होत जाते, जणू घाटघरचा पाऊस त्यानंच पाडून आणला. धरणात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं हे ज्याला पाठ नाही तो इथला जावई असावा, असं खुशाल समजावं. मग एके सकाळी पेपरात पहिल्या पानावर पांढऱ्याशुभ्र पाण्याचा फोटो येतो आणि त्याखाली ‘ओव्हरफ्लो’ हा शब्द एखाद्या बारशाची बातमी द्यावी तसा छापलेला असतो. भरणं ही आमच्याकडे शुभवार्ता आहे.

अशाच दिवसांत, मागच्या ऑगस्टमध्ये, माझा भाचा पुण्याहून चार दिवसांसाठी आमच्याकडे यायचा होता. आपण त्याला चिनू म्हणू. वय अकरा, इयत्ता सहावी. तो यायच्या आदल्या रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला.

“दादा, एक सांगते. त्याच्याशी वजनाबद्दल अवाक्षर काढू नकोस. खाण्याबद्दलही नको. ‘खा’ म्हणायचं नाही आणि ‘खाऊ नको’ही म्हणायचं नाही.”

“मग जेवायला हाक कशी मारू?”

“‘पानं घेतलीयत’ एवढंच म्हण.”

झालं होतं ते असं. शाळेत आरोग्य तपासणी होती. वर्गातच फळ्याखाली काटा मांडला होता. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा. चिनूचा आकडा वाचला गेला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, काटा बसला!” वर्ग हसला. हसण्यात एक आवाज मोठ्या माणसाचाही होता, असं चिनूचं म्हणणं. तेव्हापासून त्यानं पोहायला जाणं सोडलं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं धरलं आणि भर उकाड्यात काळं जर्किन घालायला सुरुवात केली. एका रात्री दिवा मालवल्यावर त्यानं आईला विचारलं, “मी पहिल्यापासून असाच आहे का?”

या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेलं आहे. फोटोत चिनू तेरा महिन्यांचा आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘गुटगुटीत बालक स्पर्धा’ झाली, तीत पहिला आला तेव्हाचा. अंगात फक्त लंगोट, कपाळाच्या कडेला काजळाची तीट, आणि दंडाला अशा वळ्या, की वळ्या-वळ्यांमध्ये जणू दोरा बांधून ठेवलाय. परीक्षक बाईंनी त्या वळ्या बोट लावून मोजल्या होत्या आणि दर वळीला टाळी पडली होती. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, त्यावर नाव कोरलेलं आहे, आणि त्यात लाडू असतात. माणसाला आयुष्यात मिळालेलं पहिलं पारितोषिक ज्या गुणासाठी, त्याच गुणावर दहा वर्षांनी वर्ग हसतो. मधल्या कुठल्या तारखेला गुटगुटीत संपतं आणि जाड सुरू होतं, ते कुणी कळवत नाही. वीज तोडायच्या आधीसुद्धा वीजकंपनी नोटीस पाठवते.

चिनू आला. जर्किन होतंच. दोन्ही हात पोटावर घडी घातलेले, देवळात नमस्कार करून सोडायचे राहून गेल्यासारखे. मामी म्हणाली, “अरे काढ की ते, उकडत नाही का?” त्यानं “नाही” म्हटलं, आणि त्याच्या कानामागून घामाचा एक थेंब सावकाश मानेवर उतरला. जेवताना त्यानं एक पोळी घेतली, भाजी ताटाच्या कडेला लावून ठेवली आणि हात आखडला. माझ्या तोंडून शब्द निसटला: “एवढंच?”

मराठी घरातला सर्वांत निरुपद्रवी शब्द! पण त्याची नजर ताटावरून माझ्याकडे आली आणि परत ताटात गेली. त्या फेरीत मला कळलं, की एवढंच म्हणणारी माणसंच पुढे कधीतरी ‘केवढं हे’ म्हणतात. आपल्याकडे पाहुण्याला वाढायचं, नको नको म्हणताना वाढायचं, पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन नवरदेवाच्या मागे लागायचं, आणि मग वाढलेल्या अंगाकडे बघून हळहळायचं. पानात वाढणं आणि अंगानं वाढणं याला मराठीत क्रियापद एकच आहे. भाषा करणाऱ्यांना कार्यकारणभाव चांगलाच ठाऊक असावा.

वजनाबद्दल बोलायचं नाही असं ठरवल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली: मराठी बोलताना ते जवळजवळ अशक्य आहे. मी त्याला शेजारच्या अण्णांची ओळख करून देताना म्हणालो, “हे गावातले वजनदार गृहस्थ,” आणि जीभ चावली. अण्णा तर काडीपैलवान आहेत. कलेक्टर कचेरीत काम अडलं तर आपण वजन खर्च करतो, शब्दाला वजन यावं म्हणून आयुष्य घालवतो, मंत्र्याला खातंही वजनदार लागतं. गुरू म्हणजे मुळात जड. ज्ञानाचं ओझं ज्याला पेलतं तो. उलट हलक्या कानाचा, हलक्या हाताचा (इथं मात्र सुईण आणि न्हावी यांना सूट), हलकट, पोकळ, उथळ असे सगळे अपमान वजनाच्या अभावातून आलेले. शिवाय चिनूच्या पिढीचा सर्वांत लाडका शब्द कोणता? भारी! क्रिकेटचा शॉट भारी, मोबाइलचा कॅमेरा भारी, मामीचं थालीपीठ भारी. दिवसातून चाळीस वेळा तो हा शब्द उच्चारतो आणि एकदाही त्याच्या मनात येत नाही, की त्या मापानं आपणही भारीच आहोत. मी ते त्याला सांगणार नव्हतो. गणपतीचा दाखलाही देणार नव्हतो. लंबोदर, तुंदिलतनू वगैरे त्याला नातलगांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की बिचाऱ्यानं मोदकाशी बोलणं सोडलं होतं. आणि गणपतीला पीटीच्या तासाला कुणी मैदानाच्या फेऱ्या मारायला लावत नाही.

रात्री तो झोपल्यावर बहिणीशी पुन्हा बोललो. बालरोगतज्ज्ञ बाईंकडे ती जाऊन आली होती. बाईंनी चिनूची उंची-वजन भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली काढलेल्या आलेखावर मांडलं. ठिपका वरच्या रेषेला जाऊन टेकला होता, पण बाई गंभीर झाल्या नाहीत. म्हणाल्या, वयात येण्याआधी पुष्कळ मुलं आधी आडवी होतात, मग उभी. याचं वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे थोपवून धरा. उंची येऊन गाठेल. याला उपाशी ठेवायचं नाही. रोज तासभर दमेपर्यंत खेळ, वेळेवर झोप, घरात थंड पेयांच्या बाटल्या नकोत. पण जे काही बदलाल ते सगळ्या घरासाठी; याच्या एकट्याच्या ताटात दुधी आणि बाकीच्यांच्या ताटात बटाटेवडा, हा न्याय चालणार नाही. “आणि शेवटी काय म्हणाल्या माहीत आहे?” बहीण थांबली. “घरात कुणीच कुणाच्या शरीरावरून बोलायचं नाही. स्वतःच्यासुद्धा. दादा, मी रोज सकाळी आरशापुढे काय म्हणते? ‘बाई बाई, किती सुटलेय मी!’ अकरा वर्षं तो ते दारातून ऐकतोय.”

मी उगाच पुस्तकं चाळणारा माणूस. त्या आलेखामागचा वजनाला उंचीच्या वर्गानं भागण्याचा हिशेब पहिल्यांदा कुणी केला ते शोधलं, तर निघाले बेल्जियमचे अडॉल्फ केटले, चक्क खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या नोंदी ठेवणारा हा माणूस १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधायला निघाला होता. कुणी जाड की बारीक हे सांगण्याचा त्याचा मानस नव्हताच. पुढे १९७२ साली अमेरिकेत अन्सेल कीज यांनी या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं आणि ताऱ्यांकडचा हिशेब शाळेच्या फळ्याखाली येऊन पोचला. हिशेबांचं असंच असतं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं २०१५ साली काढला. म्हणजे वर्गात सर्वांत जास्त पुस्तकं नेण्याचा हक्क चिनूचा! ही सवलत मात्र त्याला कुणी मोठ्यानं वाचून दाखवली नाही.

१९७२ म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला भागाकार नाही, दुष्काळ आठवतो. मी सात वर्षांचा होतो. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी. त्या सुकडीचा गोडसर, भाजक्या पिठाचा वास अजून कधीतरी उगाचच नाकाशी येतो. तेव्हा माझं दुःख चिनूच्या नेमकं उलट होतं. आजी माझ्या मनगटाभोवती अंगठा आणि करंगळीची कडी घालायची, कडी सैल पडायची, आणि ती म्हणायची, “मेल्याच्या अंगाला काही लागतच नाही.” घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हा प्रयोग करून दाखवी. मी मनगटं पाठीमागे लपवायला शिकलो. घामोळं आलं तरी लांब बाह्यांचा सदरा उतरवत नसे. चिनूचं जर्किन पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मला ते ओळखीचं का वाटलं, ते बहिणीशी झालेल्या त्या बोलण्यानंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं.

त्याच सुमाराला काका मला आणि थोरल्या भावाला श्रीरामपुरास घेऊन गेले होते. स्टेशनवर, जे बेलापूर नावानं ओळखलं जातं, वजनाचं यंत्र होतं: देवघरासारखं उंच, आत रंगीत दिवे, गरगरणारं चाक. नाणं टाकलं की खट्‌कन तिकीट पडे, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. काकांकडे सुटं नाणं एकच. म्हणून आम्ही दोघं एकदमच वर चढलो, एकमेकांना घट्ट धरून, एका पायावर एक. पडलेल्या तिकिटावर दोघांचं मिळून वजन आलं आणि गावी पोचेपर्यंत त्यातलं माझं किती यावर भांडण झालं. भाऊ म्हणे निम्मं. तो पाच वर्षांनी मोठा होता, पण त्यानं निम्मंच धरलं. घरी पोचल्यावर आजीला मी मोठ्या दिमाखात ते निम्मं सांगितलं. तिनं मनगट धरून पाहिलं नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी चिनूला म्हटलं, “चल, धरण भरलंय का बघून येऊ.” असं म्हणायला कारण लागत नाही, सगळा तालुकाच जात असतो.

वाटेत राजूर लागलं आणि पेचप्रसंग उभा राहिला. राजूरला थांबून पेढे घेतले नाहीत तर गाडी पुढे जात नाही, अशी आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. घ्यावे तर बहिणीचा हुकूम मोडतो; न घ्यावे, तर ‘तू बरोबर आहेस म्हणून घेतले नाहीत’ हे न बोलता बोलल्यासारखं. शेवटी पाव किलोचा पुडा घेतला आणि आम्हा दोघांच्या मधे ठेवला. पुढचे पंधरा किलोमीटर तो पुडा लग्नाच्या बैठकीतल्या मध्यस्थासारखा गप्प बसून होता. त्यातल्या साखरेचा तरी काय दोष? भंडारदऱ्याचंच पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली जातं, त्यावर ऊस होतो, आणि त्या उसावर १९५० च्या आसपास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला. धरण भरतं ते शेवटी पेढ्यातच उतरतं.

धरणावर ही गर्दी. पाऊस तिरका, ढग कळसूबाईच्या खांद्यापर्यंत उतरलेले, समोरचा १,६४६ मीटरचा डोंगर निम्मा गायब. खाली सोडलेलं पाणी गोलसर कातळावर आदळून छत्रीसारखं उघडत होतं. तोच तो अंब्रेला फॉल. लोक ओरडत होते, “भरलं! भरलं!” एक आजोबा हात जोडून उभे होते. चिनू कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

“मामा, ह्याला कुणी डाएटवर टाकत नाही.”

माझ्या ओठांवर एकदम तीन शहाणी वाक्यं आली. तिन्ही गिळली. पोट मोठं असल्याचा एवढा फायदा आहे, गिळलेलं मावतं. मी फक्त म्हणालो, “ह्या भिंतीला शंभर वर्षं होत आली. १९२६ साली बांधून झाली.”

“एवढं पाणी कसं धरते?”

“एकदा नव्हतं जमलं. १९६९ साली तडे गेलेले दिसले. मग इंजिनिअरांनी मागच्या बाजूनं टेकू बांधले.”

“दिसतात?”

“खालून दिसतात.”

तो वाकून टेकू शोधत राहिला, आणि तेवढ्यात सर आली ती अशी, की जर्किन काय, आतला जीवही भिजला. आम्ही पळत कणसं भाजणाऱ्या एका बाईंच्या ताडपत्रीखाली शिरलो. बाई डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेऊन बसल्या होत्या, पूर्वीच्या इरल्यासारखी. खोळीत सगळी माणसं एकाच आकाराची दिसतात, चालत्या गवताच्या गंजीसारखी. त्यांनी चिनूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काढ ते ओलं. शेगडीवर धर, वाळंल.” ना समजूत, ना लाडीगोडी. त्यानं एका झटक्यात जर्किन काढून त्यांच्या हातात दिलं. मामीला चोवीस तासांत जमलं नव्हतं ते. बाईंनी लगेच पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्या हातात दिला, “हां, घाल वारा.” तो उकिडवा बसून वारा घालू लागला. निखारे फुलले. दहा मिनिटांत त्यानं गिऱ्हाइकांची चार कणसं भाजून दिली, दोन किंचित करपवली, आणि मीठ-लिंबू चोळताना त्याची जीभ ओठाच्या कोपऱ्यात बाहेर आलेली होती. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोरगं कामाचं हाय.”

कित्येक महिन्यांत त्याला लागलेलं हे पहिलं विशेषण, ज्याचा मापाशी संबंध नव्हता. त्यानं वर पाहिलं नाही, पण पुठ्ठा जोरात हलायला लागला.

निघताना त्यानंच गाडीतून पुडा आणला. पहिला पेढा बाईंना दिला, दुसरा मला, तिसरा स्वतः घेतला. “मी एकच,” तो म्हणाला. मी आणखी एक उचलला, तेव्हा त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की ‘एवढंच?’ची परतफेड व्याजासह झाली.

परतताना राजूरला तांदूळ घ्यायला थांबलो. आमच्या मामीला काळभात हवा असतो. काळा तूस, आत बारीक सुवासिक दाणा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे अशा गावठी वाणांना पुन्हा मान मिळाला. दुकानदार पोतं आणायला आत गेला. दारात त्याचा पोती तोलायचा काटा होता, आकडे त्याच्या गल्ल्याकडे तोंड करून लुकलुकणारे. का कोण जाणे, मी त्यावर चढलो. चिनूनं पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मीही काही बोललो नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली, पाणी उडालं. मग मागून आवाज आला, “मामा, सरक.” तो वर चढला. पत्रा अरुंद, म्हणून त्यानं माझा पट्टा धरला आणि मी त्याचा खांदा. ओलं जर्किन गाडीतच राहिलं होतं.

दुकानदार पोतं घेऊन बाहेर आला. आकड्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, “१४१.” आणि लगेच, “तांदूळ किती देऊ?”

“पाच किलो,” चिनू म्हणाला.